पश्चिमेकडची खिडकी

लेस्टर, रविवार, १० नोव्हेंबर २०२४

मिलिंदकाका,

नमस्कार. मी निवेदिता.

तनू म्हणाली, बाबांना फोन करू नकोस. बोलताना एखादं नाव पटकन आठवलं नाही की ते ओशाळतात, फोन आईच्या हातात देतात आणि खोलीत निघून जातात. पत्र लिहिलंस तर दोनदा-तीनदा वाचतील. शिवाय सगळं नीट सविस्तर लिही म्हणाली, "तुम्हाला माहीतच आहे" असं म्हणून काही गाळू नकोस. म्हणून हा कागद. अक्षर लावून घ्या, मराठीत हाताने लिहून फार वर्षं झाली.

तुमचं ओडबीचं घर ठीक आहे. दर शनिवारी जाऊन येते. हीटिंग बारावर ठेवलंय, पाइप गोठायला नकोत म्हणून. तुमची पोस्ट दुसऱ्या पाकिटातून पाठवलीय, त्यात डीव्हीएलएचं, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसचं, एक पत्र आहे. तुम्ही परत केलेलं लायसन्स मिळाल्याची पोच असावी. दारातल्या पाटीवर आता "सोल्ड" अशी आडवी पट्टी चिकटवलीय. घर घेणारे नवरा-बायको दोघंही हॉस्पिटलमध्येच नोकरीला आहेत, मुलं लहान आहेत. ती बाई परवा टेप घेऊन किचन मोजत होती. एजंट म्हणाला, ख्रिसमसच्या आधी सह्या होऊन जातील.

तुम्ही दोघं ग्लासगोला तनूकडे जाऊन आता महिना झाला. त्या घरात मी चार वर्षं वरच्या खोलीत राहिले, पण ते इतकं गप्प कधी ऐकलं नव्हतं.

एल्व्हरस्टन हाउसमधलं माझं फोटोंचं काम चालू आहे. इंग्लंडमधल्या बरोक शैलीच्या जुन्या वाड्यांच्या पुस्तकासाठी आता फक्त दोन खोल्या राहिल्यात. या आठवड्यात मोठ्या सलूनचं, म्हणजे दिवाणखान्याचं, छत केलं. छतावर ते सगळे देव ढगांत लोळतायत, त्यांचे पाय गिलाव्याच्या नक्षीतून खाली लोंबतायत, आणि खाली मी जमिनीवर उताणी. तिथे सगळ्यात जास्त त्रास आरशांचा. दोन खिडक्यांच्या मधे सोनेरी चौकटीचे आरसे आहेत ना, त्यांत कुठून ना कुठून मी दिसतेच. तिपाई हलवा, परत वाका, परत बघा. एका कोपऱ्यात माझी बाही राहिली होती, ती संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

वाड्यातल्या वस्तू सांभाळणारी फिलिपा नेहमी तुमची चौकशी करते. गुरुवार-शुक्रवारी तुमच्यासारखा दुसरा व्हॉलंटिअर मिळत नाही म्हणते. स्टेट बेडरूममधल्या, त्या राजेशाही शयनगृहातल्या, पलंगाच्या कापडाचं उन्हाने जे झालं, त्याबद्दल तिथे कोणीही तुम्हाला दोष देत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. तीनशे वर्षांचं रेशीम. ते आधीच कमकुवत झालेलं असणार. आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी एखादी खिडकी नजरेतून सुटली तर त्याचं एवढं काय?

मी बरी आहे. हल्ली घरातून निघताना कुलूप लावलं की नाही ते बघायला परत येते, एवढंच. परवा मोटरवेवरून परत आले. लावलेलं होतं.

काकूंना नमस्कार सांगा. तनूला सांगा, पत्र लिहिलं.

निवेदिता

लेस्टर, शनिवार, २३ नोव्हेंबर

काका,

तुमची चार ओळींची चिठ्ठी आली. मी चिठ्ठी म्हणते, पण ती तुम्ही आधी पेन्सिलीने लिहून मग वरून शाईने गिरवलीत, ते दिसतं. आधी कधी असं करत नव्हता. "त्या वाक्याचा राग नाही, तू खरंच लिहिलंस, पण वय म्हणजे सबब नव्हे," असं तुम्ही लिहिलंत. मी वयाबद्दल लिहायलाच नको होतं. मला क्षमा करा.

तनूने परवा तासभर फोन केला. म्हणाली, बाबा आता गॅस पेटवत नाहीत. चहा हवा असला तरी आई घरी येईपर्यंत थांबतात. बाहेर जाताना खिशात पत्त्याचा कागद ठेवतात. बुधवारी, सत्तावीस तारखेला, मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट आहे, तिची ते रोज तयारी करतात. तिने विचारलं, "निवेदिता, एका खिडकीवरून माणूस असा कोसळतो का? की आधीपासून काही होतं आणि आम्हाला दिसलं नाही? तू तर जवळ होतीस." मी म्हटलं, मला तसं काही जाणवलं नव्हतं.

ते खरं आहे, काका. मला कधीच काही जाणवलं नव्हतं.

तुम्ही फिलिपाला ऑगस्टमध्ये काय म्हणालात, ते तिने मला सांगितलं होतं. वरच्या झडपा उघड्या सापडल्याचं सांगून तिने तुमची सही असलेला तक्ता समोर ठेवला. एकवीस जून, सव्वासहा, खिडक्यांच्या सगळ्या झडपा बंद, खाली एम. उकिडवे. तुम्ही बराच वेळ तो बघितलात आणि म्हणालात, "मला बंद केल्याचं स्वच्छ आठवतंय. आणि ते खरं नाही, हे समोर दिसतंय. माझ्या धंद्यात माणसाला असं झालं की त्याने थांबायचं असतं." चौतीस वर्षं लोकांना भूल दिलेल्या माणसाने असं बोलावं. तुम्ही काम सोडल्यावर तिने तुम्हाला ते छान पत्र पाठवलं.

मला असं वाटतं की तुम्ही फार घाई केलीत. खोली दुसऱ्या दिवसापासून सात आठवडे बंद होती. शेजारच्या खोलीतल्या फरशीचं काम निघालं, दाराला प्लास्टिक लावलं, आतलं प्रकाश मोजायचं यंत्रही कामगारांनी हलवलं. पण त्या सात आठवड्यांत कोणीही आत गेलं असेल. एखादी झडप कोणीही उघडली असेल. एवढ्यावरून माणसाने गाडी सोडावी, घर विकावं, गाव सोडावं, असं नाही ना?

क्लिनिकमध्ये हे सांगा. नक्की सांगा.

पुस्तकाची एक बातमी आहे. कव्हर ठरलं. प्रकाशकाच्या लंडनच्या ऑफिसमधून फोन आला तेव्हा मी खूश व्हायला हवं होतं. त्यांनी स्टेट बेडरूमचाच फोटो घेतलाय. मी दुसरे सहा पाठवून बघितले, जिन्याचा, चॅपलचा, सलूनच्या छताचा. नाही म्हणाले, हाच. आता तो दुकानांच्या काचांतून लागणार. मला धड जेवण जात नाहीये. कामाचा ताण असेल.

निवेदिता

लेस्टर, सोमवार, २ डिसेंबर

काका,

क्लिनिकचं तनूकडून कळलं. पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले, त्यातले चार तुम्ही सांगितलेत. घड्याळ बरोबर काढलंत. पाचव्या शब्दासाठी डॉक्टर पुढे गेले तरी तुम्ही त्यालाच अडून राहिलात, आणि गाडीत बसल्यावर घरी पोचेपर्यंत तोंड खिडकीकडेच ठेवलंत. रिझल्ट दोन-तीन आठवड्यांनी. काका, मलाही पाचातले चारच आले असते. मी घरी करून बघितलं. तीन आले.

मला त्या दिवसाबद्दल काही लिहायचंय. म्हणजे एकवीस जूनबद्दल. तुम्ही गेल्यावरही मी तिथे होते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडे संध्याकाळी पाहुणे होते, काकूंचे मावसभाऊ पुण्याहून आले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही निघा, मी सामान आवरते आणि किल्ली खाली सिक्युरिटीला देते. सामान आवरायला वेळ लागला. दिवे, तिपाया, केबल, त्या खोलीत सगळं पट्टीच्या गालिच्यावरूनच न्यावं लागतं. त्यामुळे मला निघायला बराच उशीर झाला.

सिक्युरिटीचा माणूस शेवटी एक फेरी मारतो. त्यानेही खरं तर बघायला हवं होतं. त्याच्याकडे कोणी विचारणा केली का? मला वाटतं नाही केली.

मी तीनदा हे पान फाडलंय. आज एवढंच जमतंय. उद्यापासून डर्बीशायरमध्ये दुसऱ्या एका वाड्याचं काम आहे, मग वेळ मिळणार नाही म्हणून हे टाकून देते.

निवेदिता

लेस्टर, रविवार, ८ डिसेंबर

मिलिंदकाका,

झडपा तुम्ही बंद केल्या होत्या. उघडल्या मी.

हे वाक्य लिहून मी खाली जाऊन आले. आता पुढचं लिहिते. मधे थांबणार नाही. गेल्या पत्रात मी त्या सिक्युरिटीच्या माणसावर ढकलायला निघाले होते. त्याचा काहीही संबंध नाही.

त्या पलंगावरची आच्छादनं पुस्तकासाठी फक्त एका दिवसाकरता काढली होती. अट एकच होती, तुमच्यासमोर फिलिपाने दोनदा सांगितली होती. उत्तरेच्या खिडकीचे पडदे अर्धे उघडा. पश्चिमेची खिडकी उघडायची नाही. थेट ऊन त्या रेशमावर पडता कामा नये. मी हो म्हटलं. दिवसभर तसंच काम केलं. तुम्ही खुर्चीवर बसून होतात, मधे मला सफरचंद कापून दिलंत, ते खायला दोघं बाहेर जिन्यात गेलो.

सहानंतर तुम्ही खोलीच्या झडपा बंद केल्यात, तक्त्यावर सही केलीत आणि गेलात. मी लॅपटॉपवर दिवसभराचे फोटो बघत बसले. सगळे मेलेले होते. एवढा उंच पलंग, एवढं किरमिजी रेशीम, कडेने सोन्याच्या तारांचे पक्षी, आणि फोटोत नुसता अंधारात ठेवलेला लाल ढीग. त्या पुस्तकासाठी मला नऊ वर्षं थांबावं लागलंय. तेवढ्यात पश्चिमेच्या झडपेच्या फटीतून उन्हाची एक रेघ आली आणि पलंगाच्या पडद्यावर पडली. जिथे पडली तिथे एक पक्षी जिवंत झाला, काका. मला दुसरा शब्द सापडत नाही.

मी म्हटलं दहा मिनिटं. तीनशे वर्षांत दहा मिनिटं काय. चारही झडपा उघडल्या, खालच्या दोन हाताने, वरच्या दोन त्या आकड्याच्या काठीने. ऊन सरळ आत आलं. सात एकतीस ते सात बेचाळीस, मी अकरा फोटो काढले. त्यातलाच एक पुस्तकाच्या कव्हरवर आहे.

मग जिन्यावर पावलं वाजली. सिक्युरिटीवाला खालून ओरडला, पावणेआठला अलार्म लावायचाय. मी घाबरले. पकडली जाईन म्हणून. खालच्या दोन झडपा ढकलल्या. वरच्यांसाठी काठी लागते, ती मी पलंगामागे टेकवली होती. आधी तिपाई बाहेर ठेवते, मग काठी घेते, असं म्हटलं. तिपाई बाहेर ठेवली, तो वर आला, त्याने माझी बॅग उचलली, मी दार ओढून घेतलं. किल्ली दिली. गाडीत गाणी लावून घरी आले. वरच्या झडपा माझ्या डोक्यातून पार गेल्या होत्या.

चौदा ऑगस्टला फिलिपाने सांगितलं की खोली उघडली आणि पडद्यावर हातभर रुंद पट्टा सापडला, तांबड्याचा फिका चहा झालेला, तसाच पलंगपोसावर. वरच्या झडपा उघड्या होत्या. सगळे म्हणाले, उकिडव्यांना एवढ्या उंच काठी पोहोचली नसेल. मी घरी येऊन फाइल्स उघडल्या. फोटोवर वेळ असते. तुमच्या सहीवर सव्वासहा, माझ्या शेवटच्या फोटोवर सात बेचाळीस. मला त्याच मिनिटाला सगळं कळलं होतं. तेव्हापासून आज एकशे सोळा दिवस झाले.

का बोलले नाही? आधी म्हटलं, तुम्हाला कोणी काही बोलणार नाही, तुमचा मान आहे, आपोआप मिटेल. मग तुम्ही राजीनामा दिलात. म्हटलं, दम खाऊन सांगू. मग लायसन्स परत केलंत. प्रत्येक वेळी सांगणं आधीपेक्षा अवघड होत गेलं, कारण आता आधीचं गप्प बसणंही सांगावं लागणार होतं. तुम्हीच मला त्या वाड्यात नेलं होतंत. फिलिपाला म्हणाला होतात, ही मुलगी कशाला हात लावणार नाही. मला ती नोकरी, तो वाडा, तुमचं ते वाक्य, काहीच सोडायचं नव्हतं. तुमची स्मृती गेली तरी चालेल, असं मी शब्दांत कधी म्हटलं नाही. पण वागले तशीच.

सोबत शेवटचा फोटो छापून पाठवतेय. मागे तारीख आणि वेळ लिहिलीय. तनूला दाखवा, क्लिनिकमध्ये दाखवा. तुमच्या मेंदूला काही झालेलं नाही, निदान त्या दिवशी तरी काही झालेलं नव्हतं. गॅस पेटवा, काका.

उद्या सकाळी नऊ वाजता मी फिलिपाला भेटतेय. तिला आधीच मेल केलाय, म्हणजे मला पळता येणार नाही. हे पत्र वाटेत पेटीत टाकते.

तुमच्या घराचा सौदा अजून कच्चा आहे. एजंटला थांबवता येईल. कृपा करून त्याला फोन करा.

निवेदिता

लेस्टर, शुक्रवार, १३ डिसेंबर

काका,

तुमचं उत्तर नाही. ते येईल असं धरून मी बसलेले नाही. पण फिलिपाकडे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तिच्या ऑफिसात मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अकराही फोटो दाखवायला सांगितले. एकेक करून, वेळेसकट. फोटो बघताना ती पलंगाकडे बघत नव्हती, जमिनीवर पडलेल्या उन्हाकडे बघत होती. शेवटचा झाल्यावर म्हणाली, "मी त्यांना ते प्रेमळ पत्र लिहिलं, तेव्हा तू याच खुर्चीवर होतीस. मसुदा तुला वाचून दाखवला होता."

मी हो म्हटलं. दाखवला होता. "काही शब्द जास्त होतात का," असं तिने विचारलं होतं, आणि मी एक शब्द बदलूनही दिला होता.

ती ओरडली नाही. तिने माझा पास काढून घेतला. तिथे मला आता कधीही काम करता येणार नाही, आणि अशा वाड्यांचं जग लहान आहे, दुसरीकडेही कळेल. डर्बीशायरच्या वाड्याने कालच काम थांबवलं. तिने लंडनला फोन करून सांगितलं की तो फोटो त्यांच्या परवानगीने काढलेला नाही. कव्हर गेलं. पुस्तक राहतंय की जातंय, ते जानेवारीत ठरेल. तिने तक्त्यावर तुमच्या सहीखाली एक ओळ लिहून स्वतःची सही केली. मला वाचून दाखवली नाही. म्हणाली, ती त्यांना पाठवेन.

पट्टा मी पाहिला. खोलीत जाऊ द्या अशी मीच विनंती केली, ती दारापर्यंत सोबत आली. मी इतके महिने बघायला गेले नव्हते. तो गेलेला रंग परत येत नाही. कापड बदलता येतं, तो रंग नाही. हे तुम्हीच शाळेच्या मुलांना सांगायचात.

मग काल दुपारी काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, ह्यांनी पत्र आधी मनात वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं, मग कोट घालून एकटेच बाहेर गेले. पत्त्याचा कागद टेबलावरच राहिला. दोन तासांनी आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, नदीपर्यंत.

मी विचारलं, काकू, घराचं काय? एजंटला फोन केलात?

त्या म्हणाल्या, "सह्या गुरुवारी झाल्या, निवेदिता. तुझं पत्र मंगळवारी आलं."

गुरुवार म्हणजे पाच तारीख. मी दोन तारखेला तुम्हाला लिहायला बसले होते. तीन पानं फाडली होती. त्या सोमवारी मी खरं लिहिलं असतं तर ते बुधवारी तुमच्या हातात असतं.

काकूंनी मला काही बोल लावला नाही. फक्त म्हणाल्या, आता काही दिवस फोन करू नकोस. छत्तीस वर्षं मांडलेलं घर आहे, आवरायला आम्हाला यावं लागेल, तेव्हा किल्ली शेजारच्यांकडे ठेव. मी आज सकाळी ठेवली.

मी नीट नाही. पण ते तुम्हाला सांगायचं माझं तोंड नाही, म्हणून सोडून देते.

निवेदिता

लेस्टर, रविवार, २२ डिसेंबर

काका,

शुक्रवारी दुपारी तुमचा फोन आला, तेव्हा मी बेलग्रेव्ह रोडवर गाडी लावत होते. स्क्रीनवर तुमचं नाव बघून मला वाटलं, काकूच असतील. तुम्ही म्हणालात, "मी बोलतो. तू ऐक." मी इंजिन बंद केलं.

तुम्ही एकेक मुद्दा सांगितलात, पूर्वी तनूला शाळेचा अभ्यास सांगायचात तसा. क्लिनिकचा निकाल आला, वयाच्या मानाने काही बिघाड नाही. लायसन्स परत मागवलंय, त्याला काही आठवडे लागतील. घर गेलं ते गेलं. त्या नवरा-बायकोने मुलांच्या शाळा ठरवल्यात, त्यांना अडवायचं नाही. काकूंना ग्लासगोची थंडी सोसत नाही, तरी बघू, लेस्टरमध्येच एखादा लहान फ्लॅट मिळतो का. आणि फिलिपाला तुझ्यासाठी मी रदबदली करणार नाही, असं म्हणालात. मी कशाला करावी? मी म्हटलं, करू नका.

मग तुम्ही जे म्हणालात ते मी शब्दन्शब्द लिहिते, म्हणजे मला नीट ऐकू आलं की नाही ते तुम्हाला कळेल.

"खिडकीचं मी समजू शकतो. ऑपरेशन थिएटरमध्ये मी चांगल्या चांगल्या माणसांच्या हातून चुका झालेल्या पाहिल्यात. माणूस घाबरतो, लपवतो. तेही पाहिलंय. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. आठ पानं लिहिलीस, मिनिटं लिहिलीस, ती गोष्ट लिहिली नाहीस. सप्टेंबरमध्ये मी तुला एक प्रश्न विचारला होता. कुठे विचारला, तुझ्या अंगात कुठलं जाकीट होतं, तू काय म्हणालीस, मला सगळं आठवतंय. मधले तीन महिने मी तेही खरं धरत नव्हतो, आता धरतो. तुला आठवतंय का?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "फोनवर नको. लिही." आणि फोन ठेवलात.

दोन दिवस मी याच पानाशी बसलेय.

आठ सप्टेंबर, रविवार होता. काकू देवळात गेल्या होत्या. तुम्ही मागच्या अंगणात टोमॅटोच्या काठ्या उपटत होतात, मी ग्रीनहाउसच्या दारात उभी होते. माझ्या अंगात ते हिरवं जाकीट होतं, जे तुम्ही दोघांनी मला डिग्री मिळाल्यावर घेतलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाठ करून बोलायला लागलात. म्हणालात, "निवेदिता, मला एक सांग. त्या दिवशी वरच्या झडपा बंद करताना तू खोलीतच होतीस. माझ्या हातात काठी होती, ती तू पाहिलीस का? एवढंच सांग. तू पाहिली असशील तर बाकीचे काहीही म्हणोत, माझं डोकं ठिकाणावर आहे." मग तुम्ही वळलात. तुमच्या हातांना माती होती. भूल उतरताना पेशंट डॉक्टरकडे कसं बघत असेल ते मला माहीत नाही, पण मला तेव्हा तेच आठवलं.

मी म्हटलं, "नाही काका. मला काही आठवत नाही."

तुम्ही मान हलवलीत. नळाखाली हात धुतलेत, पुसलेत. आणि माझीच समजूत घातलीत. म्हणालात, तू तुझ्या कामात होतीस, तू कशाला लक्ष ठेवशील, असू दे. मला टोमॅटोची पिशवी भरून दिलीत. ती मी घरी नेली, आणि खाल्लेही. पुढच्या आठवड्यात तुम्ही फॅमिली डॉक्टरकडे गेलात, त्याच्या पुढच्या आठवड्यात लायसन्स पाठवून दिलंत. उघड्या सापडलेल्या झडपा तुमची सही खोटी ठरवत होत्या, पण झडपा म्हणजे नुसतं लाकूड. तुम्ही त्या लाकडापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवायला तयार होतात, आणि म्हणून तुम्ही त्या रविवारनंतर हात टेकलेत. खिडकी मी विसरले होते. हे मी विसरले नव्हते. आठ डिसेंबरच्या पत्रात ते मुद्दाम गाळलं. वाटलं, तुम्हाला आठवत नसेल. तुमची स्मृती शाबूत आहे असं लिहीत असताना, त्याच कागदावर, मी ती गेलेली असेल या भरवशावर होते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तीन महिने उशिरा.

पाहिली होती, काका. काठी तुमच्या उजव्या हातात होती. पहिल्यांदा आकडा कडीतून निसटला, तुम्ही "अरेच्चा" म्हणालात, दुसऱ्यांदा बसला. आधी डावी झडप ओढलीत, मग उजवी. मग दोन पावलं मागे सरून तुम्ही वर बघितलंत, दोन्ही बंद आहेत याची खात्री केलीत, आणि काठी कोपऱ्यात ठेवलीत. मी तुमच्यापासून तीन फुटांवर उभी होते. मी सगळं पाहिलं.

निवेदिता